मॅनेजरची साखर

४ जुलै

पतसंस्थेने फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून टीव्हीखाली पडून होती. आज उघडली, कारण आज माझ्या चपलेला मुंग्या लागल्या.

मॅनेजरने चपलेत मुतून ठेवलं होतं. मी न बघता पाय घातला आणि नाचत अंगणात आलो. प्रयागबाई, म्हणजे आमचं कुटुंब, हसून हसून ओट्याला टेकल्या. मी मात्र नाच थांबल्यावर हसलो नाही. माझी अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. ज्या पाण्याला मुंगी लागते त्यात काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

मॅनेजर म्हणजे आमचा बोका. दिवसभर काही करत नाही, दुसऱ्याच्या ताटात डोकावतो आणि कुणी काम करत असलं की समोर येऊन बसतो, म्हणून मॅनेजर. गेला महिनाभर बादलीत तोंड घालून पाणी पितोय. खातो दोघांचं आणि पाठीचे मणके मोजून घ्यावेत असा वाळलाय. मी आपला म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

प्रयागबाई म्हणाल्या, "आवं, मांजराला कुठं शुगर आस्ती व्हय?"

मी म्हटलं, "मुंगी खोटं बोलत न्हाय."

६ जुलै

बारामतीला जाऊन आलो. टोमॅटोच्या दोन कॅरेटांचा पिंजरा केला, सुतळीने आवळला आणि प्रयागबाईंच्या मांडीवर देऊन स्कूटर काढली. मॅनेजर कन्हेरीपर्यंत शिव्या देत होता. कन्हेरीच्या पुढे गप्प झाला, त्याने मला जास्त भीती वाटली.

जनावरांची डॉक्टरीण श्रेया नावाची. वयाने आमच्या मुलीसारखी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. तिने मॅनेजरचा कान टोचला, थेंबभर रक्त मशीनला लावलं आणि म्हणाली, "काका, चारशेच्या वर आहे. लघवीतही साखर आहे. डायबिटीस. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागेल. एक युनिट."

"रोज?"

"रोज. भात, दूध, चपाती बंद. उकडलेलं चिकन द्या. आणि या वयात किडनीही बघायला हवी, रक्ताची पूर्ण तपासणी करून घेऊ या."

मी म्हटलं, "एका वेळी एकच रोग काढा, डॉक्टर." मला तो विनोद वाटला. तिला वाटला नाही.

मग तिने विचारलं, "हा घरीच खातो ना? बाहेर कुठे?"

"घरीच," मी म्हणालो. प्रयागबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिशातल्या किल्ल्या शोधायला लागलो.

आता डायरीत तरी खरं लिहितो. तो भिंतीपलीकडे थोरल्या भावाच्या, दादाच्या घरी जातो. वाटणी झाली तेव्हा विहीर, गोठा, चिंचेचं झाड सगळं कागदावर आलं. मॅनेजर तेव्हा जन्माला यायचा होता. भिंत ओलांडायला त्याला कुणाची सही लागत नाही. पण त्या घराचं नाव डॉक्टरसमोर काढायची मला इच्छा नव्हती.

७ जुलै

पहिलं इंजेक्शन. श्रेयाने सांगितलं होतं, मांजर टॉवेलात गच्च गुंडाळा, फक्त मान बाहेर ठेवा. प्रयागबाई सरळ कपाटाकडे गेल्या आणि तो टॉवेल घेऊन आल्या.

मी ओरडलो, "त्यो न्हाय! त्यो पुरावा हाय!"

पुराव्याबद्दल लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी दादाच्या छकुलीचं लग्न झालं, इंदापूरला, मोठ्या कार्यालयात. मी नवरीचा सख्खा चुलता. जेवणाआधी मानपान सुरू झाले. माइकवर पाहुण्यांची नावं पुकारली जात होती. मी शर्टाची कॉलर नीट करून बसलो, की आता गुलाबी फेटा डोक्यावर चढणार. तेवढ्यात नवरदेवाकडचा एक अनोळखी माणूस रांगेतून आला आणि माझ्या मांडीवर टॉवेल-टोपी टाकून पुढे गेला. टॉवेल-टोपी! बँडवाल्याला देतात तशी! मी तिथून उठलो तो थेट सणसरला, घरी आलो. जेवलोसुद्धा नाही, आणि त्या कार्यालयातला मठ्ठा फार चांगला असतो. त्या दिवसापासून दादाशी बोलणं बंद. टोपी ऊस तोडायला आलेल्या एका गड्याला देऊन टाकली. टॉवेल मात्र स्टिकरसकट ठेवला. उद्या कुणी म्हणालं की असं झालंच नाही, तर दाखवायला.

प्रयागबाईंनी टर्रकन स्टिकर काढलं. म्हणाल्या, "कोर्टात लावायचा हुता का? धरा त्येला."

मी धरला. त्याने मला तीन ठिकाणी फाडलं. त्यांनी सुई टोचली. मॅनेजरने पुराव्यावर आपलं मत मोकळं केलं. लगेच मुंग्या आल्या.

१९ जुलै

साखर हलत नाही. रोज कान टोचतो, रोज तीनशेच्या पुढेच. चिकन मी स्वतः उकडतो. आमच्या वस्तीवर लोक विचारायला लागलेत, हिंदुराव, रोज मटण-कोंबडी, काय लॉटरी लागली का? मी हो म्हणतो. मांजराला शुगर आहे हे सांगण्यापेक्षा ते बरं. भिंतीपलीकडेही सुईचं बोलायचं नाही, असं प्रयागबाईंना बजावलंय.

आज त्याच्या मिशीला भाताचं शीत चिकटलेलं दिसलं. आमच्या घरात भात बंद आहे. मीसुद्धा खात नाही, त्याच्या समोर कसं खाणार? मग हे शीत कुणाचं? मी भिंतीकडे बघितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. माझ्या डोक्यात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. निदान पतसंस्थेच्या डायरीत नाही.

२८ जुलै

मॅनेजर संध्याकाळी आला तर पुढच्या पायावरचे केस चौकोनी भादरलेले. वस्तऱ्याने काढावेत तसे. मधोमध सुई टोचल्यासारखा लाल ठिपका.

मी विज्ञानाचा माणूस आहे. पण शकुवहिनींच्या माहेरी, म्हणजे दादाच्या सासरी, एक देवऋषी होता हे गावाला माहीत आहे. माणसाचे केस घेऊन करणी करतात असं ऐकलं होतं, मांजराचे घेऊन करतात हे नवीन. एवढा डूख?

प्रयागबाईंना ठिपका दाखवला. त्या म्हणाल्या, "त्ये करणी-बिरणी काय न्हाय. जाऊबाई त्येला इंदापूरला..."

मी म्हटलं, "त्या घरचं नाव काढायचं न्हाय."

"बरं," म्हणाल्या आणि शेंगा फोडत बसल्या. त्यांचं 'बरं' मला कधीच बरं वाटत नाही.

३ ऑगस्ट

भयंकर प्रकार. काल सकाळी मॅनेजर भिंतीवरून उतरला तर खांद्याखाली लिंबाएवढी नाही, चांगली मोसंबीएवढी गाठ. हात लावला तर आत पाणी डुचमळतंय. गाठ म्हणजे गाठच, दुसरं काय मनात येणार? दिवसभर त्याच्या शेजारी बसून राहिलो. चार वाजता ती गाठ सरकून पायात आली. संध्याकाळी निम्मी झाली. आज सकाळी काहीच नाही.

प्रयागबाई म्हणाल्या, "आता तरी इचारा तिकडं."

मी म्हणालो, गॅस असेल.

हे वाक्य लिहिल्यावर मला स्वतःलाच ते पटलं नाही. पण लिहिलंय तर राहू दे.

२० ऑगस्ट

श्रेयाने इन्सुलिन दोन युनिट केलं होतं. तरी आकडा तिथेच. आज मी माझ्या अधिकारात तीन केलं. कारखान्यात उसाचा रस आंबट निघाला की चुना वाढवायचा, गोडीवर आला की थांबायचं. आयुष्यभर हेच केलं, मांजरात असं काय वेगळं असणार आहे?

डॉक्टरला विचारायचं मनात आलं होतं. पण ती पुन्हा विचारेल, बाहेर कुठे खातो का?

९ सप्टेंबर

पलीकडच्या घराला कुलूप. छकुली बाळंत झाली, मुलगी झाली. दादा आणि वहिनी वालचंदनगरला तिच्या क्वार्टरवर गेले. रीत अशी की पोरीला बाळंतपणाला माहेरी आणायचं. पण तिथून दवाखाना जवळ, म्हणून हेच तिकडे जाऊन बसले. रीत मोडायची यांच्या अंगातच आहे.

जाताना वहिनी आमच्या दारात आल्या होत्या म्हणे. मी आत होतो. प्रयागबाई आत येऊन म्हणाल्या, "मन्याचं काय करायचं त्ये सांगत्यात जाऊबाई. जरा ऐका तरी." पलीकडे त्याला मन्या म्हणतात. कसलं अळणी नाव.

मी टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्यांमध्ये कांद्याचे भाव होते. आपण कांदा लावत नाही तरी मी ते शेवटपर्यंत ऐकले.

११ सप्टेंबर

शंभर चाळीस!

चारशेवरून शंभर चाळीस. माझा तीन युनिटांचा हिशोब बरोबर निघाला. प्रयागबाईंना म्हटलं, बघा, पदवी उगाच नाही मिळाली. मॅनेजर दोन दिवस भिंतीवर बसून त्या कुलपाकडे बघत असतो. मिशीला शीत नाही, पायाला गाठ नाही. ते घर बंद झालं आणि मांजर सुधारलं, यावरून काय सिद्ध होतं ते मी सिद्ध झाल्यासारखंच धरतो. थोडं कमी खातोय, पण ते बरंच की.

१३ सप्टेंबर

आज घडलं ते सगळं लिहितो.

सकाळी त्याने चिकनला तोंड लावलं नाही. मी तरीही तीन युनिट दिलं, नियम म्हणजे नियम. अकराच्या सुमाराला तो अंगणातून येताना दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला. मी हसलो. देवा, मी हसलो. मग तो कुशीवर पडला, तोंडातून लाळ, डोळे उघडे आणि त्या डोळ्यांत मी नाही. पाय झटकायला लागला. कान टोचला तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'लो'.

श्रेयाला फोन लावला. ती म्हणाली, "साखर खाली गेलीय. काकवी आहे घरात? हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आणि निघा."

प्रयागबाईंनी काकवीची बरणी आणली. ज्या माणसाने जन्मभर उसातली साखर काढली, तो सणसरच्या अंगणात मांडी घालून मांजराच्या हिरड्यांना काकवी चोळत होता आणि रडत होता. होय, रडत होतो. मॅनेजर, मर्दा, ऊठ, मी तुला भात देतो, दूध देतो, चपलेत काय करायचं ते कर, असं काहीबाही बोलत होतो. पाचेक मिनिटांनी त्याने माझं बोट चावलं. एवढा आनंद मला पगारवाढीला झाला नव्हता.

बारामतीत श्रेयाने सलाईन लावली आणि मला न विचारता सगळं रक्त तपासलं. मग माझ्यासमोर बसली.

"काका, तीन युनिट कुणी सांगितलं?"

मी कॅरेटाची सुतळी सोडवायला लागलो.

"याच्या किडन्या खराब आहेत. आजच्या नाहीत, बऱ्याच दिवसांपासून. किडनी कमी काम करते तेव्हा इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं. आणि याच्या पाठीवर सुयांच्या खुणा आहेत, तुमच्या सुईपेक्षा जाड. याला कातडीखाली सलाईन कोण देतं?"

"कोणी न्हाय," मी म्हणालो.

"जाऊबाई देत्यात," प्रयागबाई म्हणाल्या. "जुलैपास्नं. इंदापूरच्या डॉक्टरानं सांगितलंय, किडनी गेलीय म्हणून. मटण बंद, भात आन् अंड्याचं पांढरं द्या म्हणून. त्या रोज भात घालत्यात. एक दिसाआड सलाईन. चार दिस झालं, त्या लेकीकडं गेल्यात."

मग ती गाठ. भादरलेला पाय. ते शीत. मी खुर्चीतल्या खुर्चीत इतका लहान होत गेलो की कॅरेटात मावलो असतो.

श्रेया म्हणाली, "इंदापूरला साखर दिसली नाही का?"

"दिसली हुती. डॉक्टर म्हणालं, गाडीतून आणल्यावर मांजर घाबरतं, तवा चढती साखर."

"चढते," श्रेया म्हणाली. "त्यांचंही खोटं नाही. एक घर याला साखरेसाठी चिकन देतंय, किडनीला ते चालत नाही. दुसरं घर किडनीसाठी भात देतंय, साखरेला तो चालत नाही. तुम्ही त्या भाताच्या मापाने इन्सुलिन वाढवत गेलात. आणि चार दिवसांपूर्वी भात बंद झाला."

मग म्हणाली, "सलाईन किती, गोळ्या कुठल्या, मागचे आकडे काय, हे त्यांना विचारून या. तोवर याला इथेच ठेवते."

प्रयागबाईंनी तिथूनच फोन लावला. ऐकून घेतलं, ठेवला. म्हणाल्या, "जाऊबाई म्हणत्यात, भावजींनी सोताच्या तोंडानं इचारलं तर सांगीन."

१४ सप्टेंबर

वालचंदनगर. कॉलनीतल्या सगळ्या क्वार्टरी सारख्या, दोनदा चुकीच्या दारात उभा राहिलो. तिसऱ्या दाराच्या पायरीवर दादा बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत बसला होता. आमदारकीला उभा राहिल्यासारखी छाती काढून हिंडणारा माणूस. मला बघून त्याने लंगोट पाठीमागे लपवला. मी चार वर्षं मनात जुळवलेलं भाषण विसरलो.

"आलास," तो म्हणाला.

"मांजरासाठी आलोय."

"मग मी कुठं म्हणलं माझ्यासाठी आलाईस?"

छकुलीने चहा आणला. "तात्या, बसा की वं," म्हणाली. चार वर्षांत पोरगी बाई झाली, मला माहीतच नाही. वहिनी बाळाला हातांवर घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "मॅनेजरला सलाईन किती देता?"

"कुणाला?"

मी चहाचा घोट घेतला. "मन्याला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शंभर मिली. गरम पाण्यात पिशवी धरून कोमट करायची, गार दिली तर तो ओरडतो. दादा त्याला छातीशी धरतो आणि कानात बोलतो तोवर त्या सुई घालतात. काय बोलतो, विचारलं तर दादा म्हणाला, "उसाचं, कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीचं. दुसरं काय बोलणार मी मांजरासंगं?"

मी इन्सुलिनचं सांगितलं. दादा उठून उभा राहिला. "तू त्येला साखर उतरायचं इंजेक्शन देत हुतास आन् आमी भात घालत हुतो? आरं, एकदा इचारायचं!"

"तू इचारलंस का?"

"तुझ्या दारात बायको पाठवली की!"

त्यावर मला कांद्याचे भाव आठवले.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्या लग्नातला फेटा..."

मी हात जोडले. "वहिनी, फेट्याचं नाव काढू नका. मांजराचं झालं की बास." आणि स्कूटरला किक मारली. एवढा तरी स्वाभिमान ठेवायला नको का?

१६ सप्टेंबर

मॅनेजर घरी. दादा-वहिनी वालचंदनगरहून बारामतीला आले, आणि श्रेयाने दोन्ही घरांना समोर बसवून सांगितलं, की दोन्ही आजारांना पूर्ण खूश करता येणार नाही. चिकन थोडं, अंड्याचं पांढरं, भात अजिबात नाही. किडनीसाठी जेवणात एक पावडर, एक दिवसाआड सलाईन. इन्सुलिन अर्धा युनिट. आधी तो खाईल, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही, फोन.

"हे बरं होणारं दुखणं नाही," ती म्हणाली. "सांभाळायचं दुखणं आहे."

दादा म्हणाला, "म्हंजे भावकीच की."

श्रेया हसली. मीही हसणार होतो, पण दादाच्या विनोदाला एवढ्यात हसायचं नाही असं ठरवलं होतं.

२९ सप्टेंबर

दादा-वहिनी परत आले. आता सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला दादा आमच्या ओसरीवर हजर. तो धरतो, मी टोचतो. कोंबडं धरल्यासारखा धरतो. सांगितलं तर म्हणतो, तुझी सुई सुतारासारखी चालती. या दोन वाक्यांवर रोज अर्धा तास जातो. मॅनेजर पुराव्यात गुंडाळलेला, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतो.

टॉवेल दादाने ओळखला का? बघितला जरूर.

१७ ऑक्टोबर

दोनशे दहा. श्रेया म्हणते, उत्तम. मी म्हटलं, शंभर चाळीस आलं होतं एकदा. ती म्हणाली, काका, ते पुन्हा नको.

५ नोव्हेंबर

मॅनेजरला भिंत चढता येईना. खाली उभा राहून वर बघत राहतो. दादाने पहार आणली आणि खालच्या चार विटा काढल्या. मी म्हटलं, त्यातल्या दोन माझ्या बाजूच्या आहेत. तो म्हणाला, घेऊन जा उशाला. मॅनेजर त्या भोकात अडकून बसला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तासभर हलला नाही. बहुतेक त्याला पहिल्यांदाच मनासारखी जागा मिळाली.

१२ डिसेंबर

कारखाने जोरात. रस्त्याला दिवसभर ट्रॅक्टर. मॅनेजर उन्हात झोपतो. वजन थोडं वाढलंय. चपलेला मुंग्या नाहीत. मी आपलं रोज बघून घेतो, आणि मुंगी नसली की बरं वाटतं.

दादा आता इंजेक्शन झाल्यावरही बसतो. काल नऊपर्यंत बसला. प्रयागबाईंनी विचारलं नाही, सरळ ताट वाढलं. मी म्हटलं, हे मांजरासाठी आलेत का जेवायला? दादा म्हणाला, वाढ आणखी एक भाकरी.

१४ जानेवारी

संक्रांत. मॅनेजर दोन दिवस खात नाही. सुई नाही. श्रेया घरी आली, बोलावलं नसताना. त्याचं तोंड हुंगलं, पोट दाबलं. "किडन्या थकल्या, काका. आता टोचू नका त्याला. जवळ बसा."

वहिनींनी तिळगूळ दिला. मी हातात धरून बसलो. गोड बोला म्हणतात. कुणाशी बोलू?

१६ जानेवारी

मॅनेजर गेला. दुपारी, उन्हात, कॅरेटात. दादा त्याच्या कानाशी पाण्याच्या पाळीचं सांगत होता. मधेच थांबून म्हणाला, "हिंदुराव, ऐकत न्हाय रं त्यो."

चिंचेखाली, बांधावर खड्डा घेतला. बांध दोघांचा, तिथे वाद नव्हता. मी आत जाऊन टॉवेल आणला. परत येतो तर दादाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला गुलाबी फेटा. नवा कोरा, पिशवीवर कार्यालयाचं नाव.

"ह्यात गुंडाळू," तो म्हणाला.

"ह्यो कुणाचा?"

"तुझा. दुसऱ्या कुणाचा?"

मी पिशवीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"टॉवेल-टोपी नवरदेवाकडची हुती," दादा म्हणाला. "आपल्या सगळ्या माणसांना दिली, मलाबी दिली. आपलं फेटं त्येच्या मागनं हुतं. तुझं नाव तीनदा पुकारलं माइकवर. तू गाडी काढून गेला हुतास."

"मग चार वर्षांत सांगितलं का न्हाईस?"

"तुझी वहिनी धा येळा आली सांगाय." त्याने फावडं बांधाला टेकवलं. "तू टीव्हीचा आवाज वाढवतोस."

प्रयागबाई पदराआड हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मला माझंही कळत नव्हतं.

मी म्हणालो, "फेटा नको त्येला. टॉवेलाची सवय हाय." मॅनेजरला नेहमीसारखं गुंडाळलं, फक्त मान बाहेर. मग मानही आत घेतली. चार वर्षं जपलेला माझा पुरावा असा मातीखाली गेला.

माती लोटून झाल्यावर दादा हातात फेटा घेऊन तसाच उभा. दोघांनाही हाताला काम नव्हतं. मग तो माझ्यामागे आला आणि माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागला.

"दादा, मयतीला कुणी गुलाबी फेटा बांधतं का?"

"मुकाट उभा ऱ्हा. डोस्कं हलवू नगंस." त्याने तीन वेढे दिले, चौथा चुकला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. त्याची बोटं माझ्या कानाला लागत होती आणि मी लहानपणी उभा राहायचो तसा उभा होतो. शेमला पुढे आला, मी म्हटलं पाठीमागे पाहिजे. तो म्हणाला, "चार वर्सांचा मान हाय, कसाबी बसंल."

रस्त्याने ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याने फेटा बघितला आणि लग्न समजून लांबलचक हॉर्न दिला. दादाने हात वर केला.

आता सात वाजलेत. सवयीने मी ओसरीवर येऊन बसलो, तर दादा आधीच बसलेला. प्रयागबाई चहा टाकतायत. फेटा मी अजून काढलेला नाही.